जपानी खाणावळीचा पडदा

टोकियो शहरांत आसाकुसा या भागीं सेन्सोजी नांवाचें पुरातन बौद्ध मंदिर आहे. त्याच्या परिसरांत परदेशी प्रवाशांची दाटी दिवसभर हटत नाहीं. २०२४ या एका वर्षांत जपानला भेट देणाऱ्या परकीयांची संख्या ३ कोटी ६८ लाखांवर गेली, आणि त्यांतील पुष्कळांचीं पावलें अशाच मोजक्या ठिकाणीं वळतात. परंतु तेथून उत्तरेस थोड्या अंतरावर मिनोवाबाशी हें ट्रामचें शेवटचें स्थानक लागतें. एके काळीं टोकियोभर पसरलेल्या शहरी ट्रामचा हाच काय तो मार्ग आतां उरला आहे. मिनोवाबाशीपासून वासेदापर्यंत सुमारें १२ किलोमीटर तो धांवतो. स्थानकाजवळच छपराखालची जुनी बाजारपेठ आहे. अशा पेठांच्या आजूबाजूस आणि रेल्वेच्या लहान स्थानकांमागील गल्ल्यांत सामान्य जपानी माणसाची खाणावळ आढळते. तिला ‘शोकुदो’ म्हणतात.

ही खाणावळ ओळखावयाची कशी? तिच्या दारावर आंखूड कापडी पडदा लोंबत असतो. त्याचें नांव ‘नोरेन’. पडदा बाहेर असला म्हणजे चूल पेटलेली आहे असें समजावें. तो आंत घेतला कीं दुकान बंद. कित्येक ठिकाणीं दाराशेजारच्या कांचेच्या कपाटांत पदार्थांचे हुबेहूब नमुने मांडलेले दिसतात. इवासाकी ताकिझो या गृहस्थानें १९३२ सालीं ओसाका येथें असे मेणाचे नमुने करण्याचा धंदा थाटला; आज ते प्लास्टिकचे होतात. ज्याला जपानी अक्षर वाचतां येत नाहीं, त्यानें नमुन्याकडे बोट दाखवावें, काम भागतें. कांहीं खाणावळींत दाराशींच तिकिटांचें यंत्र असतें. त्यांत पैसे टाकून बटण दाबावयाचें आणि तिकीट आंत द्यावयाचें, एवढाच तेथील व्यवहार.

येथील मुख्य जेवण म्हणजे ‘तेइशोकु’, अर्थात् ठरलेलें ताट. तबकांत डावीकडे भाताचा वाडगा, उजवीकडे मिसोचें, म्हणजे आंबविलेल्या सोयाबीनचें, सार, मध्यें खारविलेल्या भाज्यांची लहान बशी आणि समोर एक मुख्य पदार्थ. तो कधीं भाजलेला मासा, कधीं तळलेली कोंबडी, कधीं आलें घालून परतलेलें डुकराचें मांस असा असतो. रोज बदलणारा बेत निराळा लिहिलेला असतो, आणि बहुधा तोच स्वस्त पडतो. अशा ताटास साधारणतः हजार येनच्या आंतबाहेर पडतात. पाणी किंवा चहा यांचे पैसे बहुधा पडत नाहींत, आणि बक्षिशीची तर रीतच नाहीं. शाकाहारी माणसानें मात्र येथें सावध राहावें. सारांत आणि उकडलेल्या भाजींतदेखील वाळविलेल्या बोनितो माशाच्या किसाचें पाणी बहुधा असतेंच. तेव्हां केवळ मांसाचा तुकडा दिसत नाहीं एवढ्यावर विसंबून चालत नाहीं.

हा स्वस्तपणा आपोआप आलेला नाहीं; त्यामागें भुकेचा इतिहास आहे. १९१८ च्या उन्हाळ्यांत जपानांत तांदुळाचे भाव भडकले. तोयामा प्रांताच्या किनाऱ्यावरील कोळी स्त्रियांनीं प्रथम विरोध केला आणि पाहतां पाहतां दंगे देशभर पसरले. त्या वर्षीं तेराउची यांचें मंत्रिमंडळ पायउतार झालें. पोटाचा प्रश्न हा राज्याचाहि प्रश्न आहे, हें अधिकाऱ्यांना त्यावेळीं उमगलें. मोठ्या शहरांनीं स्वस्त भोजनगृहें उघडलीं. टोकियोचें पहिलें १९२० सालीं कागुराझाका येथें निघालें. १९२३ च्या सप्टेंबरांत भूकंपानें शहर उद्ध्वस्त केलें. घरेंदारें गमावलेल्या माणसांना गरम घांस हवा होता, आणि पुढच्याच वर्षीं कांदा भागांत सुदाचो शोकुदो हें लोकप्रिय खासगी भोजनगृह सुरू झालें. युद्धकाळांत, १९४१ पासून, मोठ्या शहरांत बाहेर भात खावयाचा तर त्याकरितां शिधापत्रिकेसारखें सरकारी तिकीट द्यावें लागे.

आजची खाणावळ हा वारसा चालविते, पण तिचा हिशेब फार नाजूक आहे. जागा दहा-पंधरा माणसांची. स्वयंपाक आणि वाढणें बहुधा घरच्याच दोघांतिघांचें. नफा ताटामागें थोडा. म्हणून दुपारच्या दोन तासांत एकेका खुर्चीवर तीन तीन माणसें जेवून उठलीं तरच जमाखर्चाचा मेळ बसतो. २०२५ च्या मे महिन्यांत ५ किलो तांदुळाचा दर ४,००० येनवर गेला; आदल्या वर्षाच्या तो सुमारें दुप्पट होता. तांदूळ महागला म्हणून ताटाचा दर तितकाच वाढवावा, तर रोज येणारा मजूर आणि निवृत्तिवेतनावर जगणारा म्हातारा यांनीं जावें कोठें? न वाढवावा, तर दुकान चालावें कसें? त्यांतून मालक वृद्ध, आणि मुलें दुसऱ्या उद्योगांत. अशा कित्येक दारांवरचा पडदा एके दिवशीं आंत जातो तो पुन्हा बाहेर येत नाहीं.

म्हणून गर्दीपासून दूर जाऊं इच्छिणाऱ्या प्रवाशानें स्वतःबरोबर गर्दी नेऊं नये, हें उत्तम. चौघांनीं मोठ्या सामानासह ऐन बाराला शिरून, छायाचित्रें घेत तासभर बसणें म्हणजे तासाभराची सुटी मिळालेल्या कामकऱ्यांच्या जागा अडविणें होय. अकराच्या सुमारास किंवा एक वाजून गेल्यावर, एकट्यानें वा दोघांनीं जावें. जवळ रोख पैसे ठेवावे. अनोळखी माणसाशेजारीं बसावें लागलें तर संकोच करूं नये. घेतलेला भात टाकूं नये. जेवणापूर्वीं ‘इतादाकिमासु’ आणि उठतांना ‘गोचिसोसामा’ म्हणावें. पहिल्या शब्दांत अन्न नम्रपणें स्वीकारल्याचा आणि दुसऱ्यांत तें देणाऱ्याचे आभार मानल्याचा भाव आहे. उच्चार चुकला तरी चुलीपाशीं उभ्या असलेल्या बाईला तो समजतो. मग पैसे चुकते करून पडदा बाजूस सारावा आणि निघावें; बाहेर पुढचें माणूस त्याच खुर्चीची वाट पाहत असेल.