मृतांशी बोलणारी माणसं

वाचकहो, अंगात येणं म्हणजे काय, हे आपल्या खेड्यापाड्यांत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जत्रेत, देवीच्या देवळात आपण ते पाहिलेलं असतं. पाहणाऱ्यांचे मात्र दोन तट पडतात. एक म्हणतो, साक्षात देवी बोलली. दुसरा म्हणतो, ढोंग आहे, नाहीतर वेडाचा झटका. या दोन उत्तरांखेरीज आणखी एक प्रश्न विचारता येतो: यातून त्या समाजाचं कोणतं काम होतं? मानवशास्त्रानं हा प्रश्न कसा विचारला, याचं एक फार चांगलं उदाहरण आपल्याच देशात आहे.

अदृश्य शक्तींशी संबंध जोडून तो आपल्या लोकांच्या कामी लावणारा जो माणूस, त्याला अभ्यासक 'शामान' म्हणतात. हा शब्द सायबेरियातील तुंगुस लोकांच्या बोलीतून आला. पण अशी माणसं अनेक देशांत आढळतात. ओडिशाच्या दक्षिणेकडील डोंगरांत सावरा नावाची जमात राहते. रामायणातील शबरीच्या शबर कुळाशी या नावाचा संबंध जोडला जातो. या जमातीत शामान स्त्रीला कुरानबोई म्हणत.

त्यांचा अभ्यास केला वेरियर एल्विन यांनी. जन्म १९०२ चा, इंग्लंडातला. १९२७ साली ते ख्रिस्ती सेवक म्हणून पुण्यास आले. पुढे धर्मप्रसार सोडून, शामराव हिवाळे या मराठी सहकाऱ्यासह मध्य प्रांतात गोंडांमध्ये जाऊन राहिले. १९५४ मध्ये ते भारताचे नागरिक झाले. सावरांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ, 'द रिलिजन ऑफ ॲन इंडियन ट्राइब', १९५५ साली निघाला.

एल्विन यांनी काय पाहिलं? मुलीला स्वप्नं पडू लागतात. पाताळातला एक तरुण तिला मागणी घालतो. ती नाकारते, आजारी पडते, शेवटी होकार देते, आणि त्या अदृश्य नवऱ्याशी तिचं रीतसर लग्न लागतं. मग ती माणसातल्या नवऱ्याशीही संसार करते. गंमत अशी, की पाताळातला हा नवरा सावरा नसतो. तो सहसा वरच्या जातीचा, ऐपतदार हिंदू असतो. ज्यांच्यापुढे डोंगरातल्या माणसाला वाकावं लागे, त्यांच्याशी इथं सोयरीक जुळते!

घरात कुणी आजारी पडलं की कुरानबोईला बोलावतात. ती गाऊ लागते, तिचे हातपाय ताठ होतात, जवळचे लोक ते हलके हलके मोकळे करतात. मग तिच्या तोंडून घरातलीच मेलेली माणसं बोलू लागतात. एल्विन यांना ही बाई वेडी किंवा लबाड दिसली नाही. रोग्याला धीर देणारी, गावाने मान द्यावा अशी ती दिसली. मात्र बळींसाठी रेडे-डुकरं घेताना घर कर्जात बुडतं, हेही त्यांनी लपवलं नाही.

या ग्रंथाचा परिणाम दूरवर झाला. धर्मेतिहासाचे पंडित मिर्चा एलियाद यांनी शामानांवरील आपल्या ग्रंथाच्या १९६४ च्या इंग्रजी आवृत्तीत सावरांची दखल घेतली. पण एल्विन यांचा बराच भर दुभाष्यांवर होता. १९७५ पासून पिअर्स विटेब्स्की हे इंग्रज अभ्यासक त्याच लोकांत राहिले, त्यांची भाषा शिकले, आणि मृतांशी होणारी बोलणी त्यांनी शब्दशः ऐकली. त्यांचा 'डायलॉग्ज विथ द डेड' हा ग्रंथ १९९३ चा. ती बोलणी कशी असत? लोक मेलेल्या बापाशी भांडत, रडत, हसत. औषधाला उशीर का केलास, असं बाप विचारी. मुलगा आपली बाजू मांडी. अशी वर्षं जात. राग निवळे, दुःख हलकं होई आणि अखेर मेलेल्याचं नाव घरातल्या बाळाला मिळे. अंगात येणं हे इथं शोक पचवण्याचं साधन होतं, ते असं.

आता हे चित्र पालटलं आहे. सावरांची तरुण पिढी मोठ्या संख्येनं बाप्तिस्त ख्रिस्ती झाली, काही हिंदू पंथांकडे वळले. विटेब्स्कींच्या २०१७ च्या पुस्तकात याचीच हकीकत आहे. शाळा आली, बळींचा खर्च वाचला. पण मेलेल्या आईशी बोलण्याची वाट बुजली. कमाई झाली आणि तूटही आली.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, समजून घेणं म्हणजे मान तुकवणं नव्हे. तापाला दवाखानाच हवा. आणि अघोरी प्रथांना तर आपल्या राज्यात २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. पण वर्गात एखादं पोर म्हणालं, "गुरुजी, माझ्या आजीच्या अंगात येतं," तर त्याला हसू नका. आजी कधीपासून घुमते, त्या आधी घरात काय घडलं, हे मायेनं विचारा. कदाचित एखादं न बोललेलं दुःख तिथं वाट शोधत असेल.