लिफ्ट थरथरतेय, ऑईल दुधासारखं दिसतंय: जुन्या ट्रॅक्टरच्या पोटात नेमकं काय बिघडतं?

इंजिन ऑईल बदलायला सहसा कुणी विसरत नाही. गिअरबॉक्सच्या ऑईलचं मात्र तसं नाही. ते ना धूर काढतं ना आवाज करतं, त्यामुळे दहा-दहा वर्षं तेच ऑईल पोटात घेऊन फिरणारे ट्रॅक्टर गावोगाव सापडतात. मग एक दिवस नांगर अर्ध्यावर उचलून लिफ्ट थरथरायला लागते आणि ‘पंप गेला’ असं निदान होऊन हजारोंचा खर्च समोर उभा राहतो. पंप खरोखर जातोही. पण पंप उघडण्याआधी ऑईल बघणं फुकट असतं.

याचं मूळ जुन्या ट्रॅक्टरच्या रचनेत आहे. हॅरी फर्ग्युसन यांच्या आराखड्याचा टीई-२० हा ट्रॅक्टर १९४६ पासून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत बनू लागला आणि पाच लाखांहून जास्त संख्येने विकला गेला. त्यात गिअरबॉक्स, डिफरन्शिअल आणि लिफ्टचा पंप या तिघांना एकच ऑईल होतं. पंप त्याच ऑईलमध्ये बुडालेला असे. पुढे मॅसी फर्ग्युसन ३५ मध्ये हीच पद्धत राहिली, आणि १९६० साली चेन्नईत सुरू झालेल्या टॅफेमुळे ती भारतातल्या शेतांतही रुळली. म्हणजे गिअरच्या दातांची झीज, आत शिरलेलं पाणी, मातीचा कण, जे काही त्या ऑईलमध्ये पडेल ते फिरून लिफ्टच्या पंपातून जाणार. गिअर थोडी घाण सहन करतात, पंपाचे व्हॉल्व्ह करत नाहीत. सगळ्याच ट्रॅक्टरमध्ये अशी सामाईक टाकी नसते, काहींत लिफ्टचं ऑईल वेगळं असतं. आपला कुठल्या जातीचा, हे पुस्तिकेत किंवा जाणत्या मिस्त्रीकडे आधी विचारून घ्यावं.

पातळी बघताना होणारी गडबड

ट्रॅक्टर सपाट जागी हवा. लिफ्ट पूर्ण खाली हवी, कारण उचललेल्या लिफ्टच्या सिलिंडरमध्ये ऑईल अडकलेलं असतं आणि गेजवर पातळी कमी दिसते. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबावं, गेज काढून पुसावं, परत घालून मग वाचावं. काही जुन्या मॉडेलांत गेज नसतंच, बाजूला पातळीचा बोल्ट असतो. तो सोडल्यावर भोकाच्या कडेपर्यंत ऑईल आलं की झालं.

ऑईल कमी असेल तर त्रास आधी चढावर कळतो. ट्रॅक्टरचं नाक वर झालं की ऑईल मागे सरकतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते, लिफ्ट धक्के देते आणि पंप कण्हल्यासारखा आवाज करतो.

जास्त ऑईल भरणं याहून धोक्याचं. वाढीव ऑईल मागच्या ॲक्सलच्या सीलमधून वाट काढतं आणि ड्राय ब्रेकच्या ट्रॅक्टरमध्ये थेट ब्रेकपर्यंत पोचू शकतं. भरलेली ट्रॉली घेऊन घाट उतरताना हे लक्षात येण्यापेक्षा गेज वाचलेलं बरं.

डंपिंग ट्रॉलीचा हिशेब वेगळाच. तिचा जॅक ट्रॅक्टरच्या पोटातलं ऑईल घेतो. ट्रॉली वर असताना पातळी बघून ऑईल ओतलं, की ट्रॉली खाली येताच तेवढं ऑईल जास्त होतं. शिवाय एकच ट्रॉली चार ट्रॅक्टरना जोडली जाते, तेव्हा प्रत्येकाचं घाण ऑईल थोडं थोडं दुसऱ्याच्या पोटात जातं. आपलं ऑईल नवं आणि उसनी ट्रॉली जुनी असेल, तर कपलर निदान फडक्याने पुसून तरी जोडावा.

दुधाळ ऑईल म्हणजे पाणीच का?

नेहमीच नाही. ऑईलमध्ये हवा मिसळली तरी फेस येऊन ते पांढुरकं दिसतं. फरक ओळखायला ते काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवावं. हवा असेल तर सकाळपर्यंत ऑईल नितळ होतं. पाणी असेल तर गढूळच राहतं किंवा तळाशी पाण्याचा थर दिसतो. शंका उरलीच तर उघड्यावर गरम तव्यावर दोन थेंब टाकावेत, तोंड लांब ठेवून. तडतडलं तर पाणी आहे.

पाणी येतं कुठून? गिअरच्या दांडीचं रबर फाटलेलं असतं आणि ट्रॅक्टर पावसात उभा असतो, हे सगळ्यात साधं कारण. चिखलणीत ॲक्सलपर्यंत बुडालेला ट्रॅक्टर झिजलेल्या सीलमधून पाणी ओढतो. धुताना प्रेशरचा पाइप थेट गिअरच्या दांडीवर आणि ब्रीदरवर मारणं, हे आपणच करतो. ही वाट बंद न करता ऑईल बदललं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

ऑईल काढताना

पाण्याची शंका असेल तर ट्रॅक्टर रात्रभर उभा राहू द्यावा आणि सकाळी सुरू न करता खालचा ड्रेन बोल्ट किंचित ढिला करावा. पाणी जड, त्यामुळे सुटं पाणी असेल तर तेच आधी गळतं. एवढं बघून बोल्ट आवळावा, अर्धा तास ट्रॅक्टर चालवावा आणि मग गरम, पातळ झालेलं ऑईल काढावं. गाळ त्याच्याबरोबर निघतो. अवजार जमिनीवर टेकलेलं हवं. उचललेल्या लिफ्टखाली कुणीही जाऊ नये.

ड्रेन बोल्ट एकच असतो, हा गैरसमज महागात पडतो. फोर्ड ८एन सारख्या जुन्या ट्रॅक्टरला तीन बोल्ट आहेत, गिअरबॉक्स, पंप आणि डिफरन्शिअल यांच्याखाली एकेक. एकच उघडला तर बाकीच्या कप्प्यांत जुनं ऑईल तसंच राहतं. क्लच हाउसिंगखालच्या भोकातली पिन मात्र काढून ते भोक बुजवू नये. ते सीलची गळती दाखवण्यासाठीच असतं. बुजवलं तर गळलेलं ऑईल क्लच प्लेटवर जातं.

बोल्टवर किंवा तळाशी राखाडी, मऊ लगदा दिसला तर घाबरायचं कारण नाही, ती नेहमीची झीज आहे. नखाला लागणारे लोखंडी तुकडे किंवा पितळी चकाकी दिसली तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय नवं ऑईल ओतू नये. पंपाच्या तोंडाची जाळी किंवा फिल्टर याच वेळी साफ करावा किंवा बदलावा. डिझेल भरून ट्रॅक्टर शेतात फिरवून ‘धुणं’ टाळलेलं बरं. डिझेलचा थर गिअरचा भार पेलत नाही आणि कोपऱ्यात राहिलेलं डिझेल नवं ऑईल पातळ करतं. ऑईल फारच दुधाळ होतं तर नवं भरून काही दिवस काम करावं आणि पुन्हा एकदा बदलावं. खर्च दुप्पट होतो खरा, पण पंपापेक्षा कमीच.

कुठलं ऑईल?

दुकानदार ‘९० नंबर’ म्हणून हातात देईल ते सगळीकडे चालत नाही. ऑईल ब्रेकच्या ट्रॅक्टरला त्या ब्रेकसाठी बनवलेलं ट्रान्समिशन ऑईलच लागतं. साधं गिअर ऑईल घातलं तर ब्रेक किंचाळतात आणि प्लेटा खराब होतात. जुन्या ड्राय ब्रेकच्या ट्रॅक्टरला पुस्तिकेतलाच ग्रेड घ्यावा. जीएल-५ लिहिलेला डबा ‘जास्त भारी’ म्हणून उचलू नये, त्यातली काही रसायनं पितळी बुशना त्रास देऊ शकतात.

मॅसी ३५ ला साधारण ३० लीटर, फोर्ड ८एन ला १९ लीटर ऑईल लागतं. सगळं एकदम ओतू नये. ऑईल एका कप्प्यातून दुसऱ्यात हळूहळू जातं, म्हणून थोडं कमी भरून इंजिन सुरू करावं, लिफ्ट आठ-दहा वेळा वर-खाली करावी, खाली टेकवून थांबावं आणि गेज बघून उरलेलं घालावं. पाइपच्या सांध्यावर बारीक गळती शोधताना हात फिरवू नये, पुठ्ठा धरावा. दाबाखालचं ऑईल सुईसारखं कातडीत घुसतं. तसं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो.

काढलेलं ऑईल बांधावर किंवा ओढ्यात ओतलं तर ते झिरपून विहिरीत उतरतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ते जुनं ऑईल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावं. बरीच गॅरेजवाली मंडळी असे कॅन जमवून पुढे पाठवतात.