खरं बोललात तर फाशी: सेलमची गोष्ट

आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. हेडफोन विसरला असाल तर लोकलमध्ये वाचून काढा.

माझं काम कोड लिहायचं आणि तपासायचं. एखादी टेस्ट अशी असेल की कोड बरोबर असो वा चूक, ती 'फेल'च दाखवणार, तर ती टेस्ट फेकून द्यायची. १६९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या इंग्रज वसाहतीत, सेलमला अशीच एक टेस्ट माणसांवर चालवली गेली. १९ जण फासावर गेले. जाळलं नाही हं कुणाला, तो गैरसमज आहे.

आधी त्यांची भीती समजून घेऊ. प्युरिटन म्हणजे इंग्लंडमधून आलेले कडवे प्रोटेस्टंट. आपल्या अख्ख्या समाजाचा देवाशी करार झालाय, अशी त्यांची श्रद्धा. करार मोडला तर शिक्षाही सगळ्यांना. मग शेजारणीचं पाप ही तिची खासगी बाब कशी राहणार? सैतान त्यांच्यासाठी खराखुरा शत्रू होता. त्यात उत्तरेला फ्रेंच आणि मूलनिवासी जमातींशी युद्ध चालू, तिथून जीव वाचवून आलेली माणसं आसपास. देव का कोपला? उत्तर तयार होतं: आपल्यातच कुणीतरी फितूर आहे.

त्या हिवाळ्यात पाद्री सॅम्युएल पॅरिसच्या घरातल्या दोन मुली, ९ वर्षांची बेटी आणि ११ वर्षांची अ‍ॅबिगेल, झटके येऊन किंचाळू लागल्या. डॉक्टर म्हणाला, चेटूक. संशय कुणावर? घरातली गुलाम टिटूबा, दारोदार मागून खाणारी सेरा गुड आणि आजारपणामुळे चर्चला न येणारी सेरा ऑसबॉर्न. टिटूबाने कबुली दिली, आणि सैतानाच्या वहीत ९ खुणा पाहिल्याचंही सांगितलं. झालं! बाकीचे कोण, हा शोध सुरू. पुढे दीडशेहून जास्त लोकांवर आरोप झाले.

पुरावा काय? 'तिची आकृती येऊन मला चिमटे काढते.' ही आकृती फक्त तक्रार करणाऱ्याला दिसायची. 'मी तर घरी झोपले होते' म्हणून उपयोग नाही. कारण निरपराध माणसाचं रूप घ्यायला देव सैतानाला परवानगी देणारच नाही, असं कोर्ट धरून चाललं होतं.

आता खरा बग बघा. कबूल करून इतरांची नावं घेतली, तर फाशी टळायची. नाकारलं, तर फाशी. ७१ वर्षांची रिबेका नर्स गावातली धर्मपरायण बाई. ज्युरीने तिला आधी निर्दोष ठरवलं होतं. मुलींनी आकांत केला, न्यायाधीशांनी ज्युरीला पुन्हा विचार करायला लावला, आणि १९ जुलैला ती फासावर गेली. एक खोटी कबुली देऊन वाचली असती. पण खोटं बोलणं पाप! म्हणजे देवाच्या नावाने चाललेल्या या खटल्यांत देवाला खरंच घाबरणारेच मेले.

गंमत म्हणजे ब्रेक लावणाऱ्यांत धर्मातलाच माणूस होता. ऑक्टोबरमध्ये इन्क्रीज मॅदर या बड्या पाद्र्याने मांडलं की सैतान निरपराधाचंही रूप घेऊ शकतो. त्याच महिन्यात गव्हर्नरने ते कोर्ट बरखास्त केलं. १६९३ मध्ये नव्या कोर्टाने आकृतीचा पुरावा मानला नाही, आणि बहुतेक जण सुटले. १६९७ मध्ये सॅम्युएल स्यूअल हा न्यायाधीश भर चर्चमध्ये उभा राहिला आणि त्याचा माफीनामा वाचला गेला.

हा एपिसोड बनवताना स्वतःला विचारलं, मी तिथे असतो तर? खरं सांगतो, मी कबूल केलं असतं. जीव प्यारा असतो. पण लगेच पुढचा प्रश्न आला असता: 'तुझ्याबरोबर अजून कोण होतं?'

तिथे मी कुणाचं नाव घेतलं असतं, यावर अजून अडकलोय. तुम्ही कुणाचं घेतलं असतं? विचार करा. भेटू पुढच्या भागात!