मूठ सुटली की

रात्रीचे ८ वाजून ३५ मिनिटं. डोंबिवली पश्चिमेला, रुळांपासून दोन इमारती आत, आमच्या घरातल्या आतल्या खोलीचा दिवा मालवलाय. स्वयंपाकघरातला उजेड दाराखालून येतो तेवढाच. बायको भिंतीला टेकून बसली आहे. लेक दूध पिता पिता थबकते, दोन घोट घेते, पुन्हा थबकते. साडेपाच महिन्यांची आहे. सासूबाई पलंगाच्या कडेला, मी जमिनीवर. बाहेर पाऊस आहे, आणि न वाळलेली दुपटी आमच्या डोक्यावर दोरीला पंख्याच्या वाऱ्यात हलताहेत.

दूध सुटतं. बायको तिला खांद्याशी उभी धरते, पाठीवर हलके थोपटते. ढेकर येतो. डोळे मिटलेत, मान लवलीय. महिन्याभरापूर्वी मी लगेच म्हणालो असतो, "झोपली, ठेव खाली."

"मूठ बघ," सासूबाई पुटपुटतात.

लेकीच्या उजव्या मुठीत बायकोच्या गाऊनचा गळा घट्ट धरलेला आहे. मूठ आवळलेली आहे तोवर झोप वरवरची, हे सासूबाईंचं सांगणं. वाईजवळच्या गावी एकत्र कुटुंबात त्यांनी स्वतःची तीन आणि जावांची चार मुलं निजवली आहेत. आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी हेच त्यांच्या भाषेत सांगितलं होतं: बाळाचा हात अलगद उचलून सोडा, तो लुळा पडला तर झोप गाढ लागली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. घरातलं आणि दवाखान्यातलं शहाणपण एकाच बोटाशी येऊन मिळालं होतं.

करंगळी सैल होते. मग बाकीची बोटं. गाऊनचा गळा सुटतो.

८ वाजून ४८. बायको गुडघ्यांवर येऊन वाकते. आधी कुल्ले टेकतात, मग पाठ, डोकं सगळ्यात शेवटी. पहिल्या तीन महिन्यांत डोकं आधी खाली गेलं की पडल्याचा भास होऊन लेक दोन्ही हात फेकायची आणि किंचाळून उठायची. ते दचकणं आता ओसरलंय, आमच्या हातांना लागलेली सवय राहिली आहे. ती टेकल्यावरही बायको हात काढून घेत नाही. एक तळवा छातीवर तसाच. त्याचा भार कमी होतो, मग नुसता स्पर्श, मग काहीच नाही.

लेक उताणी निजली आहे. अंथरूण पातळ आणि टणक, चादर ताणून खोचलेली, वर छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी. तिच्याजवळ उशी नाही, गोधडी नाही, खुळखुळासुद्धा नाही. सासूबाईंनी येताना मोहरीची उशी स्वतः शिवून आणली होती, डोकं गोल व्हावं म्हणून. वर्षभर तरी अंथरुणात उशी नको, तोंड-नाक दबण्याची भीती असते, असं डॉक्टरांनी सांगितलं. साडीची झोळीही नको म्हणाल्या. झोळीत मान छातीकडे दुमडते आणि इवल्याशा श्वासाची वाट अडते. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच ती उशी जुन्या पातळात गुंडाळून कपाटात ठेवली. त्या गुंडाळण्याचं मोल आम्ही दोघं विसरणार नाही.

एक फास्ट लोकल धडधडत जाते. खिडकीची काच थरथरते, लेक हलत नाही. हा आवाज तिला पोटात असल्यापासून ओळखीचा. पण स्वयंपाकघरात चमचा पडला तर ती जागी होते, म्हणून भांडी उद्या सकाळीच घासायची.

९ वाजून ३३. मच्छरदाणीतून बारीक कुरकूर येते.

सासूबाई ताडकन उठतात. बायको त्यांचं मनगट धरते. "आई, थांब ना जरा."

हीच घडी. आज बरोबर पंचेचाळीस मिनिटांनी आलीय. चौथा महिना लागल्यावर आम्ही इथेच चुकायचो. मोठ्या माणसाच्या झोपेचा एक फेरा साधारण दीड तासाचा, बाळाचा पाऊण तास ते तासाभराचा. फेरा संपला की झोप पातळ होते, बाळ चुळबुळतं, कण्हतं, कधी डोळेही उघडतं. नवजात बाळाची निम्मी झोप तर अशी चंचलच असते. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. पहिल्या आवाजाला दिवा लागायचा, मी तिला उचलायचो, येरझाऱ्या घालायचो, बायको पुन्हा पाजायला घ्यायची. तिची झोप मोडलेलीच नसायची, आम्ही मोडायचो. रात्रीतून सहा-सात वेळा. बायकोच्या डोळ्यांखाली काळं चढलं, तरी आम्ही दोष बाळाला देत राहिलो.

आता तिघंही श्वास रोखून बघतोय. लेक मान डावीकडे वळवते. ओठ चोखल्यासारखे हलतात. एक पाय वर येतो आणि धप्पकन खाली आपटतो. कुरकूर थोडी वाढते, बायकोची बोटं सासूबाईंच्या मनगटावर आणखी आवळतात. मग लेकीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटतं आणि विरून जातं.

"सटवाई हसवतेय," सासूबाई अगदी हलकेच म्हणतात, आणि खाली बसतात.

श्वास पुन्हा लांब होतो. सगळं मिळून दोन मिनिटंही झाली नसतील. आम्ही काहीही केलेलं नाही.

ऑफिसातल्या एका मित्राने मला फर्बर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांच्या १९८५ सालच्या पुस्तकाबद्दल सांगितलं होतं. बाळाला निजवून बाहेर यायचं, रडलं तर ठरावीक मिनिटांनी आत जायचं, ती मिनिटं हळूहळू वाढवायची. कुणाला त्याचा उपयोग होत असेल. मला बंद दाराआडून रडणं ऐकायचं नाही. मी थांबतो ते तिच्या शेजारी, हाताच्या अंतरावर. कुरकूर आणि रडणं यांतला फरक इथूनच ऐकू येतो.

पावणेदहा. बायको आडवी होते आणि लगेच झोपते. तिची २६ आठवड्यांची रजा आणखी दोन आठवड्यांनी संपते. त्यानंतर सकाळची लोकल, गर्दी, दिवसभर काम. म्हणून आजपासून बारापर्यंतचा पहारा माझा.

१० वाजून २५. पुन्हा चुळबूळ, या वेळी हुंदक्यासारखी. मच्छरदाणीची कड उचलून मी तळवा तिच्या छातीवर ठेवतो. उचलत नाही, बोलत नाही, फक्त दातांतून हळू "श्श" करतो. माझ्या तळव्याखाली छाती भराभर वरखाली होते, मग संथ. हात हळूहळू हलका करतो. सासूबाई अंधारातून बघताहेत. मान डोलावतात.

१२ वाजून ४०. हे रडणं वेगळं आहे. खणखणीत, चढत जाणारं, मूठ तोंडात. ही भूक आहे आणि इथे थांबायचं नाही. मी तिला त्याच क्षणी उचलून बायकोला हलवतो. दिवा न लावता ती पाजायला घेते. आज दुपटं बदलावं लागत नाही. कुणी लेकीशी बोलत नाही. पंधरा मिनिटांत पुन्हा ढेकर, पुन्हा वाट बघणं, पुन्हा मूठ.

बोटं सुटतात.

"किती वाजले?" बायको विचारते. मी सांगतो. ती मनाशी हिशेब करते.

पावणेदहा ते बारा चाळीस. चौथा महिना लागल्यापासून ती पहिल्यांदाच सलग जवळजवळ तीन तास झोपली आहे.