बांबू : वृक्ष की तृण?

मुंबईच्या भोईवाडा-लालबाग भागातील गणेशोत्सवाचे मांडव बांबूवर उभे राहतात. बांबू वस्तुतः तृण होय. तथापि १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने त्याची गणना वृक्षांत केली व त्याची तोड आणि वाहतूक परवान्यांच्या कक्षेत आली.

वनातील बांबूविषयी २००६ च्या वनहक्क कायद्याने हक्कप्राप्त ग्रामसभेस विक्रीचा अधिकार दिला. गडचिरोली जिल्ह्यातील लेखा-मेंढा ग्रामसभेस २०११ साली वाहतूक परवान्यांचे पुस्तक मिळाले. वनाबाहेरील बांबू २०१७ च्या दुरुस्तीने वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला.

ग्रामसेवकांनी हा भेद शेतकऱ्यांस समजावून द्यावा. बांधावरील बांबूची नोंद सात-बाराच्या उताऱ्यावर करून घ्यावी. तोड पक्व काठ्यांचीच करावी, कोवळे कोंब राखावेत. बेट टिकले तरच मिळालेल्या हक्काचा लाभ टिकेल.