पिल्लाचे जंत आणि पशुवैद्याचा सल्ला



सिन्नरकडच्या मळ्यांत, वस्त्यांवर आणि मेंढ्यांच्या वाड्यांवर कुत्रा म्हणजे बिनपगारी राखणदार. कुत्री व्याली की शेजारीपाजारी एकेक पिल्लू मागून नेतात. मुले त्याला नाव ठेवतात, दूधभाकरी घालतात. पण पुष्कळदा दीडदोन महिन्यांच्या त्या पिल्लाचे पोट नगाऱ्यासारखे फुगते, अंग मात्र खंगते, जुलाब लागतात आणि एके सकाळी ते थंड पडलेले दिसते. ‘नजर लागली’, ‘दूध मानवले नाही’ असे म्हणून आपण गप्प बसतो. अशा वेळी खरे कारण बहुधा पोटातले जंत असतात.

कोणी पिल्लाला पशुवैद्याकडे नेलेच, तर तिथे वेगळीच शंका येते. डॉक्टर म्हणतात, विष्ठा तपासायला आणा. तपासणीत काही निघत नाही, तरी औषध देतात. वर पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावतात. मग आपण म्हणतो, ‘जंत नाहीत म्हणतात, मग औषध कशाला? आणि एकदा दिले, तर पुन्हा कशाला?’ शंका रास्त आहे. तिचे उत्तर जंतांच्या जीवनक्रमात सापडते.

पिल्लांत नेहमी आढळणारे जंत दोन. पहिला गोल जंत. याच्या अळ्या कुत्रीच्या मांसात निपचित पडून असतात. ती गाभण राहिली की त्या जाग्या होतात आणि वारेतून गर्भात शिरतात. म्हणजे पिल्लू जन्माला येते तेच जंत घेऊन! दुसरा अंकुशकृमी. हा आईच्या दुधातून येतो, तसाच ओल्या घाणेरड्या मातीतून कातडी भेदूनही शिरतो. आतड्याला चिकटून तो रक्त पितो. पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्याफटक दिसल्या, विष्ठा काळी डांबरासारखी झाली, तर एक दिवसही थांबू नये.

आता तपासणी. विष्ठा मिठाच्या किंवा तशाच दाट द्रावणात कालवली की जंतांची अंडी वर तरंगतात. ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. परंतु अंडी घालते ती वाढ पुरी झालेली मादी. कोवळे जंत पोटात असले तरी अंडी नसतात, म्हणून तपासणी कोरी येते. शेतात कोंब दिसत नाही, एवढ्यावरून बी पेरलेच नाही असे आपण म्हणतो का? तसेच हे आहे. म्हणून लहान पिल्लाला डॉक्टर अहवालाची वाट न पाहता औषध देतात.

पुन्हा बोलावण्याचे कारणही असेच. औषधाने आतड्यातले जंत मरतात. यकृतातून, फुप्फुसातून फिरणाऱ्या अळ्या बहुतेक वाचतात आणि थोड्या दिवसांनी आतड्यात येतात. यासाठी पिल्लू 2 आठवड्यांचे झाले की पहिली मात्रा, नंतर 8 आठवड्यांपर्यंत दर 2 आठवड्यांनी आणि पुढे 6 महिन्यांपर्यंत दरमहा, असा साधारण क्रम असतो. आईलाही त्याच वेळी औषध द्यावे लागते.

मग तपासणी कशाला? तर एकच औषध सगळ्यांना लागू पडत नाही. विष्ठेत काकडीच्या बीसारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे असतात. त्याला औषध वेगळे, आणि तो पिसवांमार्फत येत असल्याने पिसवाही माराव्या लागतात. काही जुलाब एकपेशीय जीवांमुळे होतात. त्यांना नेहमीचे जंतांचे औषध पुरत नाही.

घरच्या घरी मात्र प्रयोग करू नका. गाईम्हशींचे किंवा शेळ्यामेंढ्यांचे औषध अंदाजाने पिल्लाला दिले तर ते दगावू शकते. मात्रा वजनावर ठरते. सिन्नर हे विड्यांचे गाव. घरात तंबाखू असते. जंतांवर तंबाखूचे पाणी द्या, असे कोणी सांगितले तरी देऊ नका. ते विषच आहे.

शिक्षकांनी पुढची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. गोल जंताची मादी रोज हजारो अंडी घालते आणि ती मातीत कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. मातीचे हात तोंडात गेले की ती मुलांच्या पोटात जातात. तिथे निघालेल्या अळ्या यकृतात, कधी डोळ्यातही पोचतात. 1952 साली अमेरिकेत पॉल बीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या या आजारामागे कुत्र्यामांजरांचे जंत असल्याचे दाखवून दिले. यात पिल्लाला हाकलून देण्याचे कारण नाही. विष्ठेतली अंडी बाधक व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलून खोल पुरावी आणि पिल्लाशी खेळल्यावर साबणाने हात धुवावेत. बकऱ्यामेंढ्यांची पाण्याच्या फोडांची काळीज-फुप्फुसे कुत्र्याला कच्ची घालू नयेत. त्यातून कुत्र्याला लागणारा बारीक पट्टकृमी माणसाच्या यकृतातही तसेच फोड करतो.

दवाखान्यात जाताना त्याच दिवसाची, माती न लागलेली, भुईमुगाच्या शेंगेएवढी विष्ठा झाकणाच्या कोरड्या डबीत न्या. पिल्लाचे वय आणि आधी दिलेले औषध सांगा. वजन करून घ्या. औषधाचे नाव, मात्रा आणि पुढची तारीख लिहून मागा. न समजले तर खुशाल विचारा. चांगला डॉक्टर कारण सांगतो. विश्वास ठेवायचा तो असा, विचारून आणि समजून. आणि एकदा ठेवला की पुढची तारीख मात्र चुकवू नका, कारण उरलेल्या अळ्या त्याच सुमारास पिल्लाच्या आतड्यात पोचलेल्या असतात.