हार्ड डिस्कच्या पूर्वसूचना : तीन दशकांचा मागोवा

हार्ड डिस्क जाण्याआधी काही सांगते का? सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडे हे ओळखायला बराच काळ कान हेच मुख्य साधन होतं. टकटक सुरू झाली की हेड गेलं समजायचं. पण तोवर डेटाही बहुधा हातचा गेलेला असायचा.

१९९२ मध्ये आयबीएमने एएस/४०० सर्व्हरच्या डिस्कसाठी पूर्वसूचनेची सोय आणली. पुढे कॉम्पॅकने आपली पद्धत १९९५ मध्ये मानकासाठी मांडली आणि त्यातून ‘स्मार्ट’ आलं. आता डिस्क स्वतःच नोंद ठेवू लागली : किती सेक्टर खराब होऊन राखीव जागेत हलवले, किती वाचता न आल्याने लटकलेत. २००२ मध्ये आलेल्या ‘स्मार्टमाँटूल्स’ या सॉफ्टवेअरमुळे हे आकडे लिनक्सवर फुकटात दिसू लागले. दुर्दैवाने अनेक जण आकडे सोडून एकूण निकालातला नुसता ‘पास’ वाचतात. तो पास कंपनीनेच आखलेल्या मर्यादेवर मिळतो. बॅड सेक्टर वाढत असतानाही मिळू शकतो.

खरा धक्का दिला २००७ ने. एकाच परिषदेत दोन शोधनिबंध आले. कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी कंपन्यांच्या माहितीपत्रकांतले, डिस्क सरासरी दहा लाख तास टिकते असे दावे तपासले. (दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं, हार्ड डिस्कचा जन्मच १९५६ चा!) हा आकडा समूहाच्या सरासरीचा असतो हे खरं, पण त्या हिशेबाने वर्षाला एक टक्क्याहून कमी डिस्क बदलाव्या लागायला हव्यात. प्रत्यक्षात दोन ते चार टक्के सर्रास, काही ठिकाणी तेरापर्यंत. गूगलने लाखाहून अधिक डिस्क अभ्यासल्या. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत जाण्याची शक्यता अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट. मात्र गेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिकांनी चार ठळक लक्षणांपैकी एकही दाखवलं नव्हतं.

२०१६ मध्ये बॅकब्लेझ या ऑनलाइन बॅकअप कंपनीने आपल्या डिस्कचा हिशेब मांडला. त्यात पाच ठरावीक लक्षणांपैकी किमान एक गेलेल्या ७६.७ टक्के डिस्कमध्ये आढळलं. म्हणजे लक्षणं खोटी नाहीत, अपुरी आहेत.

फिरते भागच नसलेल्या एसएसडीने तर कानही निकामी केले. २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर कंपनीने कळवलं की फर्मवेअरमधल्या दोषामुळे त्यांच्या काही एसएसडी ३२,७६८ तास भरताच कायमच्या बंद पडतील. एकाच दिवशी रेडमध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून केलेल्या अनेक डिस्कच्या जोडणीत) बसवलेल्या अशा डिस्क एकदमच जाणार. तिथे रेड काय वाचवणार?

तेव्हा ‘पास’वर विसंबू नका. ‘स्मार्ट’च्या नोंदींतला १९७ (लटकलेले सेक्टर) किंवा १९८ (दुरुस्त न होणारे सेक्टर) क्रमांकाचा आकडा शून्यावरून हलला, की नवी डिस्क मागवा. आणि बॅकअप नुसता घेऊ नका, अधूनमधून दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून पाहा.